लांब घशाची रायफल

नेमबाजीच्या रेंजवर फ्राऊ लेनर यांनी रायफलचा बोल्ट मागे ओढला आणि मी भरलेल्या काडतुसाची नुसती पितळी केस, म्हणजे रिकामी नळी, बाहेर आली. बुलेट बॅरलमध्येच रुतली होती. पावडर सगळी बोल्टच्या खाचेत सांडलेली. हा पराक्रम माझा.

तेव्हा मी पंचेचाळिशीची होते आणि स्वतःला फार शहाणी समजायचे. जर्मनीत, इंगोलश्टाटला, गाड्यांच्या एका सप्लायरकडे इंजिनिअर म्हणून वर्षानुवर्षं फटी मोजल्या होत्या. दाराची फट, बॉनेटची फट. दिसली की बुजव. तीच अक्कल घेऊन मी एका बंदुकांच्या मायस्टरकडे, म्हणजे उस्ताद कारागिराकडे, नोकरीला लागले. काडतुसं भरायचा परवानाही काढला.

फ्राऊ लेनर सत्तरीच्या. जन्मभर शिकार केलेली, आता खांद्याचं ऑपरेशन झालेलं. जड बुलेटचा धक्का सोसवेना, म्हणून हलकी हवी होती. पण रायफल जुनी, लांब घशाची. घसा म्हणजे काडतुसाच्या तोंडापासून बॅरलमधले पीळ सुरू होईपर्यंतची मोकळी जागा. हलकी बुलेट आखूड असते. पीळ पकडायच्या आधी ती बरंच अंतर मोकळी धावते. बाजारची हलकी काडतुसं त्यांनी वापरून पाहिली, तर नेम ताटाएवढा पसरला. एवढ्या पसाऱ्यात जनावर नुसतं जखमी होतं. मे महिन्यात हरणांचा सीझन. तोवर जमलं नाही, तर त्या शिकार सोडणार होत्या.

मी काय केलं? फट बुजवली! बुलेट इतकी पुढे काढली की टोक पिळाला टेकलं आणि बूड केसच्या काठाला कसंबसं धरून राहिलं. न झाडता काडतूस बाहेर काढायला गेलं की काय होणार, हे शाळकरी पोरानेही सांगितलं असतं.

मायस्टरने पुढून सळी घालून बुलेट ठोकून काढली. म्हणाला, "आल्झो, तर मग नवीन बॅरल सुचवू त्यांना."

"नको. मला परत करू द्या."

"आणि फट?"

"बघते."

घरी हे म्हणाले, "अगं, गाड्यांमध्ये काय वाईट होतं?"

दुसऱ्या दिवशी माझं एक काडतूस काचेवर लोळवलं. टोक वरातीतल्या दारुड्यासारखं डुलत होतं. बाजारचं लोळवलं, तेही डुललं, जरा कमी. म्हणजे धावण्यापेक्षा वाकडं धावणं नडत होतं. फट राहू दे, बुलेट सरळ बसव.

मग बुलेट खोल बसवली, केसने घट्ट धरेल अशी. आतली जागा घटली की दाब वाढतो, म्हणून पावडर पुन्हा अगदी कमीपासून सुरू केली. प्रत्येक काडतूस डुलणं मोजणाऱ्या डायलखाली फिरवलं, डुललं की बाद. रेंजवर ताटाची वाटी झाली. वाटीवर मायस्टर खूश होता, मी नव्हते. केसची तोंडं एकसारखी केली, परत भरलं. शेवटी शंभर मीटरवरची पाचही भोकं चहाच्या कपाखाली झाकली गेली.

मे महिन्यात फ्राऊ लेनर यांनी एका गोळीत नर पाडला. वर्कशॉपमध्ये आल्या, तेव्हा मी त्या पहिल्या काडतुसाबद्दल माफी मागितली. एका कामातली अक्कल दुसऱ्या कामात न विचारता घुसवू नये, एवढं मला कळलं होतं.

त्या म्हणाल्या, "राग नव्हता हो आला, फ्राऊ केळकर. माझा जावई इंजिनिअरच आहे. त्याचंही दुसऱ्यांदाच बरोबर येतं."