बिनमाईकचा ऑर्केस्ट्रा

वाल्मिक चिडला की बोलत नाही, नुसती मान खाजवतो. त्या शनिवारी दुपारपर्यंत त्याची मान लालबुंद झाली होती.

त्याचे वडील अमळनेरकडून सुरतेला आले ते कापडाच्या लूमवर. वाल्मिकही काही वर्षं लूमवर होता, पण त्या खटखटीत डोकं उठायचं, म्हणून पर्वत पाटियाजवळच्या एका सभागृहात वायरमन म्हणून लागला. होता होता रंगमंचाचा सगळा कारभार त्याच्या अंगावर आला. गुजराती नाटकं, साड्यांची प्रदर्शनं, अहिराणी गाण्यांचे ऑर्केस्ट्रा, सगळं त्याने पार पाडलेलं. त्यामुळे "परदेशी ऑर्केस्ट्रा येतोय" असं मालकाने सांगितल्यावर त्याने सकाळीच रंगमंचभर माईक उभे केले आणि दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर लावले.

पाहुण्यांना घेऊन शर्वरी आली. ती बँकेत नोकरी करायची आणि कार्यक्रम ठेवणाऱ्या संगीत मंडळाची कामं बघायची.

"काका, हे सगळं काढावं लागेल," ती म्हणाली. "ह्यांची वाद्यं तीनशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीची आहेत. जनावराच्या आतड्याच्या तारा असतात. आवाज नाजूक. माईक नकोत."

"मग लोकांना ऐकू कसं जाणार?"

"शांतता असली की जातं."

"सुरतमध्ये?" वाल्मिकने विचारलं आणि माईक काढायला घेतले.

ते संपत नाही तोच पाहुण्यांचा म्होरक्या आला. उंच, दाढीवाला, बोलताना हात असे फिरवायचा की जवळ उभं राहायची सोय नाही. कार्यक्रमात वादळावरचा एक तुकडा वाजणार होता, त्यातल्या गडगडाटासाठी त्याला मोठा पत्रा हवा होता. वाल्मिकने पार्किंगच्या शेडचा पत्रा सोडवून आणला. तो म्होरक्याने हलवून पाहिला, खूश झाला आणि मग शर्वरीकरवी म्हणाला, एसी बंद करा, त्याची घरघर मध्ये येते.

एसी बंद झाल्यावर हार्पसिकॉर्डवाली बाई उठली. हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोच्या चेहऱ्याची, पण आत तारा छेडणारी पेटी. बाई सकाळपासून वाकून एकेक तार लावत होती. दमट हवेत तारा उतरतात, एसी चालूच हवा, असं तिचं म्हणणं. म्होरक्याला बंद हवा, बाईला चालू. एसीचं बटण गच्चीवर. वाल्मिक वर गेला, खाली आला, परत वर गेला. गुडघा बोलायला लागला, तेव्हा कुठे ठरलं: फक्त संथ तुकड्यापुरता एसी बंद.

संध्याकाळी हॉल भरला. वादक मंडळी रेशमी कोट आणि पांढऱ्या केसांचे टोप घालून प्रेक्षकांमधून वाजवत आली. रंगमंचावर बसून त्यांनी वाद्यं जुळवायला घेतली, तर लोकांना तेच पहिलं गाणं वाटलं. टाळ्या पडल्या. म्होरक्याने वाकून त्या स्वीकारल्या. बाईने डोळे मिटून घेतले.

वादळ छान झालं. मग संथ तुकडा आला, वाल्मिकने ठरल्याप्रमाणे एसी बंद केला, आणि त्याच वेळी दाराबाहेर लग्नाची वरात येऊन थांबली. ढोल, ताशा, ट्रम्पेट.

वाल्मिक रस्त्यावर धावला. नवरदेवाचा बाप, उखा त्याचं नाव, खानदेशातलाच निघाला.

"दहा मिन्टं थांबी जा ना भाऊ," वाल्मिकने हात जोडले. "आत कार्यक्रम चालू शे."

उखाने बॅंडवाल्यांना हात केला. ढोल थांबला. वाल्मिक मागे वळला, तर दारातून म्होरक्या सगळी टोपवाली मंडळी घेऊन वाजवत बाहेर येत होता. त्याच्यामागे अर्धा हॉल, त्यात शर्वरीसुद्धा.

एका बॅंडवाल्याने एका पाहुण्याचा ट्रम्पेट हातात घेऊन फिरवून पाहिला. "याला बटणंच नाहीत," तो म्हणाला आणि आपला वाजवायला लागला. पाहुणाही सुरू झाला. ढोल परत घुमला. उखा नाचू लागला. सगळे मोबाईल वर धरून उभे.

"अहो, आत चला," वाल्मिक म्हणत राहिला. कोणाला ऐकू जाणार.

तो एकटाच आत आला. रंगमंचावर बाई एकटी, हाताची घडी घालून बसलेली. दारं सताड उघडी, बाहेरची गरम हवा आत.

"एव्हरी टाइम," ती बाहेरच्या म्होरक्याकडे बोट करत त्याला म्हणाली. "एव्हरी टाइम."

वाल्मिकला तेवढं इंग्रजी कळलं. "चाय?" त्याने विचारलं. थर्मासमधला चहा त्याने दोन कपांत ओतला. दोघं रंगमंचाच्या कडेला बसून प्यायले.

मुहूर्त टळायला लागला तशी उखाने वरात हलवली. लोक घामाघूम, हसत परतले. म्होरक्या रंगमंचावर चढून दोन्ही हात पसरणार, तेवढ्यात वाल्मिक त्याच्यासमोर उभा राहिला. वीस वर्षांत तो पडद्यापुढे कधी आला नव्हता.

"आता बाई तारा लावणार आहेत," तो लोकांना म्हणाला. "त्याला वेळ लागेल. ते गाणं नाही, टाळ्या वाजवू नका. साहेब, तुम्ही खाली बसा."

शर्वरीने भाषांतर केलं नाही. म्होरक्या बसला.

वाल्मिकने दारं लावून एसी चालू केला आणि बाईने एकेक तार लावली. कोणी चुळबुळलं नाही. मग वाल्मिक वर जाऊन एसी बंद करून आला, संथ तुकडा पहिल्यापासून सुरू झाला, आणि तिसऱ्या रांगेत एकाचा फोन वाजला. वाल्मिक चालत गेला, त्याने हात पुढे केला. त्या गृहस्थाने निमूट फोन त्याच्या हातावर ठेवला. वाल्मिकने तो बंद केला आणि तुकडा संपेपर्यंत तिथेच, मधल्या वाटेत, उभा राहिला.