बंद गिझरमधला करंट

डिसेंबर लागला आणि आमच्या घरात गिझर सुरू केला की फ्यूज उडायला लागला.

आम्ही तेव्हा बंगळूरला मत्तीकेरेत, यशवंतपूर स्टेशनपासून चालत वीस मिनिटांवर, भाड्याने राहत होतो. खाली घरमालक आणि त्यांची बायको, वर आम्ही तिघं: मी, नवरा आणि चार वर्षांची मुलगी. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनियर. मी लग्नाआधी कोल्हापूरला हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. फेज, न्यूट्रल, अर्थिंग, सगळं फळ्यावर रंगीत खडूंनी काढून मुलांकडून घोटून घेतलेलं. हे मुद्दाम सांगते आहे. पुढे जे झालं त्यात मला काही कळत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

"रविवारी बघतो," नवरा म्हणाला. रविवार आला आणि गेला. मी तीन दिवस स्टोव्हवर पातेली तापवत राहिले. शेवटी घरमालकांकडे गेले. ते बँकेतून निवृत्त झालेले, सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून व्हरांड्यात बसणारे गृहस्थ. म्हणाले, "माझा माणूस पाठवतो. बारा वर्षं तोच करतो या घराचं."

तो माणूस आला तो चपला न काढताच आत. पहिला प्रश्न, "सार इल्लवा?" साहेब नाहीत का? मी म्हटलं, नाहीत, मला विचारा. त्याला सांगितलं, बाकी सगळं लावलं तर फ्यूज टिकतो, फक्त गिझर लावला की उडतो, म्हणजे आतली कॉइल फुटली असणार. इथलं बोअरचं पाणी असं जड की नळांवर पांढरे थर चढतात, कॉइल किती दिवस टिकणार?

तो हसला. "कॉइल चांगली आहे मेडम. बोर्डात प्रॉब्लेम."

वीस मिनिटं त्याने बाथरूमबाहेरच्या बोर्डात खुडबुड केली, नवीन स्विच बसवला आणि "आयतू" म्हणाला. झालं. गिझर लावला, फ्यूज उडाला नाही. अर्ध्या तासात पाणी कढत. मी त्याला कॉफी करून दिली. आजही ती कॉफी आठवली की माझा जळफळाट होतो.

चार-पाच दिवसांनी आमच्याकडे धुणंभांडी करणारी बाई मला म्हणाली, "अम्मा, नळाला शॉक येतो." मला ती अम्मा म्हणायची आणि मी तिला अक्का, जसं तिथे सगळेच म्हणत. वयाने ती माझ्याहून मोठी होती. स्वयंपाकघरामागे कपडे धुवायचा दगड होता, तिथल्या नळाबद्दल ती सांगत होती. मी गेले, नळ धरला, मला काही लागलं नाही. माझ्या मोडक्या कन्नडात तिला सांगितलं, घाबरू नका, ओल्या हाताने स्विचला हात लावला असेल.

दुसऱ्यांदा ती म्हणाली तेव्हा मी पुन्हा नळ धरला. पुन्हा काही नाही.

तिसऱ्यांदा तिने एक गोष्ट जास्त सांगितली. गिझर चालू असताना थोड्या मुंग्या येतात, पण बंद केला की जास्त चावतं. आमच्याकडे सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की गिझर बंद व्हायचा आणि त्यानंतर अक्का यायची. मी संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता इतका हसला की त्याला ठसका लागला.

"बंद गिझरमधून करंट? अगं, मग तिला आमच्या कारखान्यातच घेऊ या. बिनविजेची यंत्रं चालवेल."

मीही हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसले.

तरी चौथ्यांदा तिने सांगितल्यावर मी खाली गेले. घरमालक म्हणाले, "या लोकांना थंडीत काम नको असतं. आज शॉक म्हणतील, उद्या कंबर म्हणतील." पण माणूस पाठवला. त्याने तसाच चपलांसकट जाऊन नळाला हात लावला आणि अक्काकडे बघून म्हणाला, "एनू इल्ला." काहीच नाही. मग माझ्याकडे वळून, "भिंतीत ओल असते मेडम. स्वल्प शॉक. त्याने काय होतंय!"

अक्का पदराला हात पुसत उभी होती. तिने पुन्हा कधी तक्रार केली नाही. नळ पदराने धरून सोडायला लागली. ते मला दिसत होतं.

एका गुरुवारी सकाळी मी मुलीची वेणी घालत होते. मागून भांडं आपटल्याचा आवाज आला आणि त्यावर एक दुसरा, जड आवाज. धावत गेले. अक्का दगडाला टेकून वेडीवाकडी पडली होती. कपाळातून रक्त, उजवा हात कोपरात आखडलेला, डोळे उघडे पण कुठेच न बघणारे. पाण्याने भरलेली स्टीलची घागर लवंडलेली. पाणी तिच्या खालून वाहत होतं आणि नळ अजून चालू होता.

तिला हात न लावता मी आधी जिन्याजवळच्या मीटरबोर्डाकडे धावले आणि घराचा मेन फ्यूज उपसून काढला. त्या सगळ्या महिन्यात मी बरोबर केलेली ही एकच गोष्ट.

मुलीला घरमालकांच्या बायकोकडे सोडलं, रिक्षा केली. दवाखान्याच्या वाटेवर अक्काला बोलता येऊ लागलं. ती पहिलं वाक्य बोलली ते रडत नाही, ओरडत नाही, साध्या आवाजात: "नानु हेळिद्दे, अम्मा." मी सांगितलं होतं.

कपाळाला टाके पडले. तळव्यावर नळाच्या आकाराची पांढरी भाजल्याची खूण होती. डॉक्टर म्हणाले, हात चिकटला नाही, फेकल्या गेल्या, नशीब. तिच्या मुलीला निरोप धाडून, तिला घरी पोचवून मी परत आले. सगळ्या वाटेत माझ्या डोक्यात एकच: आमची मुलगी त्या नळाशी खेळते. खेळते, आणि मी बघत बसते. मग लक्षात आलं की जखमी झालेल्या बाईचा विचार मनात दुसऱ्या नंबरला आला आहे, आणि माझी मलाच किळस आली.

घरी आल्यावर मी नवऱ्याच्या पेटीतला टेस्टर काढला. फ्यूज परत बसवला. गिझरचा स्विच बंद. टेस्टर नळाला लावला. दिवा लख्ख पेटला. गिझर चालू केला. दिवा मिणमिणला. पुन्हा बंद केला. पुन्हा लख्ख. बाई अक्षर अक्षर खरं सांगत होती.

आणि मला चटका का बसत नव्हता तेही तेव्हाच कळलं. मान खाली गेली तर पायात रबराच्या सपाता. फरशी गार लागते म्हणून मी दिवसभर घालायचे, बाथरूममध्येसुद्धा. नवराही घालायचा, मुलीच्याही पायात असायच्या. तो इलेक्ट्रिशियन तर चपला काढतच नव्हता. घरात अनवाणी एकटी तीच असायची, कारण दुसऱ्याच्या घरात चपला घालून वावरायची तिला मुभा नव्हती.

मी पुन्हा फ्यूज काढला, टेस्टर लावून खात्री केली आणि बोर्डाचे स्क्रू उघडले. लाल वायर, म्हणजे जिवंत वायर, स्विचला न जाता थेट गिझरकडे गेली होती. स्विचमध्ये काळी, म्हणजे न्यूट्रल, होती. म्हणजे स्विच बंद केला तरी गिझर मेला नव्हता. उलट, चालू असताना कॉइलचं एक टोक न्यूट्रलला असायचं म्हणून जोर कमी, आणि बंद केला की सगळी कॉइल जिवंत होऊन बसत होती आणि जिथे ती फुटली होती तिथून करंट टाकीत, टाकीतून लोखंडी पाइपांत आणि पाइपांतून नळापर्यंत. आणि हिरवी, अर्थिंगची वायर? ती कापलेली होती. टोक वळवून, टेप गुंडाळून, नीटनेटकी मागे कोंबलेली.

तेव्हा मला कळलं त्याने काय केलं होतं ते. फुटलेल्या कॉइलमधला करंट अर्थिंगमधून जात होता म्हणून फ्यूज उडत होता. फ्यूज ओरडून सांगत होता, आत बिघाड आहे. या माणसाने बिघाड शोधला नाही, ओरडणाऱ्याचं तोंड बांधलं. याला तो रिपेअर म्हणत होता. आणि मी, फळ्यावर हीच आकृती शंभरदा काढलेली बाई, त्याला कॉफी देत होते.

संध्याकाळी नवरा आला. मी त्याला बूट न काढू देता बोर्डासमोर उभं केलं. त्याने बघितलं, चेहरा उतरला.

"अगं, मला काय कल्पना..."

"तुम्हाला रविवार होते. चार. तुम्ही हसलात."

"तूही हसलीस."

"हो. म्हणूनच तुमच्यावर ओरडत नाही आहे," मी म्हटलं. प्रत्यक्षात मी ओरडतच होते. खालचे घरमालक आवाज ऐकून वर आले ते बरंच झालं. त्यांना म्हटलं, तुमच्या माणसाला उद्या सकाळी बोलवा, आणि तुम्हीही या.

दुसऱ्या दिवशी तो आला. या वेळी मी दारातच म्हटलं, "चपला बाहेर." मग त्याला मागच्या नळापाशी नेलं. जमीन ओली होती. घरमालक आणि नवरा दारात उभे. मेन फ्यूज माझ्या कमरेला खोचलेला होता, पण हे त्याला माहीत नव्हतं.

"गिझर बंद आहे," मी म्हटलं. "नळाला हात लावा."

तो घरमालकांकडे बघायला लागला.

"स्वल्प शॉक ना? त्याने काय होतंय? लावा हात."

त्याने हात मागे घेतला. पुढे केलाच नव्हता, तरी मागे घेतला. आणि तिथेच सगळं बाहेर आलं. फ्यूज उडायचा थांबेना, कॉइल बदलायची तर टाकी उतरवायला हवी, सार म्हणाले एवढ्यासाठी कशाला, आत्ता काहीतरी करून चालू कर. सार, म्हणजे घरमालक, भिंतीकडे बघत म्हणाले, "मी वायर काप असं नव्हतं सांगितलं."

"तुम्ही बघायला आला नव्हतात," मी म्हटलं. "ती चार वेळा सांगत होती, तेव्हा तुम्ही तिच्या कंबरेबद्दल बोलत होतात."

त्या माणसाला मी गिझरला हात लावू दिला नाही. चिकपेटच्या बाजारात जाऊन स्वतः कॉइल आणली, नवऱ्याच्या ओळखीतला दुसरा इलेक्ट्रिशियन आणला आणि तो काम करत असताना स्टूल टाकून समोर बसून राहिले. जुनी कॉइल बाहेर निघाली ती चुनखडीने माखलेली आणि एका बाजूने बोटभर चिरलेली. अर्थिंग जोडलं, लाल वायर स्विचमध्ये आली, टेस्टर नळाला लावून मी स्वतः बघितलं. चालू असताना, बंद असताना. अंधार. मग सपाता काढून नळ धरला.

अक्काकडे मी तिसऱ्या दिवशी गेले. मागच्या वस्तीत एका खोलीत राहायची. कपाळावर पट्टी, उजव्या हाताने अजून काही धरवत नव्हतं. आत बसवलं तिने मला. मी नळ दुरुस्त झाल्याचं सांगितलं, बरं होईस्तोवर काम नको पण पगार चालू राहील म्हटलं. ती म्हणाली, नको अम्मा, नवरा नाही म्हणतो. मग म्हणाली, मीही नाही म्हणते. तिची माफी मागायची म्हणून मला येत होतं तेवढं कन्नड बोलले: "तप्पु आयतू." तिने मान हलवली आणि मी निघाले.

पुढे शेजारणीकडून कन्नड शिकताना मला उमगलं की मी तिला म्हटलं होतं, चूक झाली. कोणाकडून, ते नाही. जणू पाऊस पडावा तशी ती आपोआप झाली. घरमालकही तसंच म्हणाले असते. त्या विचाराने मला पुन्हा तसाच राग आला, आणि या वेळी ओरडायला समोर कोणी नव्हतं.

चार-सहा महिन्यांनी ती मला भाजीबाजारात दिसली. हातात पिशवी होती, उजव्याच हातात. मी गर्दीतून तिच्यापर्यंत गेले आणि पाठ करून ठेवलेलं वाक्य म्हटलं: "अक्का, नानु तप्पु माडिदे." चूक मी केली.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "हौदु," ती म्हणाली. हो. मग मुलगी कशी आहे ते विचारलं, शाळेत जायला लागली का विचारलं, आणि घेवड्याच्या ढिगाशी वाकून कोवळ्या शेंगा निवडायला लागली.