तलवार म्यानातून निघेना

मुलाच्या लग्नाच्या यादीत ‘तलवार’ या शब्दापुढे मी आदल्या दिवशीच बरोबरची खूण केली होती. तलवार कपाटात होती, म्यानाचं लाल मखमल झाडून झालं होतं, पितळी मूठ चिंचेने घासून लखलखीत केली होती. ती म्यानातून निघते का, एवढं मात्र मी पाहिलं नव्हतं.

आमचं गाव म्हसवडजवळ आणि सून येणार कवठे महांकाळहून. मुहूर्त बारा पस्तीसचा, म्हणून वऱ्हाडाची बस साडेआठला सोडायची, असं मी सगळ्यांना तीन-तीनदा बजावलं होतं. भावकीत तलवार एकच आणि प्रत्येक नवरदेव तीच घेऊन जातो. घरातल्या थोरल्या माणसाने उंबऱ्यात उभं राहून ती उपसायची, नवरदेवाच्या हाती द्यायची, करवलीने टोकाला लिंबू खोचायचं आणि मगच पाऊल बाहेर टाकायचं. थोरले म्हणजे आबा, माझे चुलत सासरे. वय पंच्याऐंशीच्या पुढे, हात थोडे थरथरतात. या वेळी दुसऱ्या कुणी तरी उपसावी, असं दोघांतिघांनी सुचवून पाहिलं. आबांनी मला बाजूला बोलावलं.

“सूनबाई, विहिरीवरच्या मोटरचं बटण काढून घेतलंत, बँकेचं पुस्तक घेतलंत, च्यातली साखर घेतलीत. एवढं एक माज्याकडं ऱ्हाऊ द्या.”

राहू दिलं. सव्वाआठला मुलगा मुंडावळ्या बांधून उंबऱ्यात उभा राहिला. आबांनी डाव्या हातात म्यान धरलं, उजव्याने मूठ ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली. अंगणातला बँजो आपोआप थांबला. तिसऱ्यांदा ओढल्यावर आबा आपल्या मनगटाकडे बघत हळूच म्हणाले, “हात गेलं की माजं.”

माझे धाकटे दीर फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. ते पुढे झाले. “द्या हिकडं, आबा.” आबांनी तलवार देऊन टाकली आणि खुर्चीत बसले.

भावजींनी ओढली. मग चौकटीला पाय लावून ओढली. कपाळावरची शीर टरारली, फेटा सुटून खांद्यावर आला. तलवार जागची हलली नाही.

आबांनी मान वर केली. “काय सुभेदार, फौजंत खायला घालत न्हवते काय रं?”

“आबा, अडकलीया ती.”

“मगा माज्या हातात हुती तवा न्हाई बोललास.” आबांच्या आवाजात जीव आला होता. त्यांनी खुर्ची उंबऱ्याजवळ सरकवून घेतली आणि एकेकाला हाका मारायला सुरुवात केली. “तू ये रं, तू जिमला जातोस न्हवं? दाव काय केलंस तितं.” जिमवाला पुतण्या हरला. मुलाचा पुण्याचा मित्र हरला. शेवटी बँजोवाल्यालाही बोलावलं. प्रत्येकाच्या अपयशागणिक आबा खुर्चीत थोडे उंच दिसू लागले. हात मात्र खालीच होते. ते त्यांनी मांडीवर एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते.

“आई, बस गेली तर?” मुलाने विचारलं.

“बस आपलीच आहे. उभा राहा गप.”

तोवर मला आठवलं होतं. वैशाखात दुसऱ्या एका पुतण्याचं लग्न झालं, तेव्हा मागची आवराआवर माझ्याकडे होती. मी लिंबू ओढून काढलं आणि रस, हळद, कुंकू लागलेलं पातं न पुसता म्यानात घालून यादीत खूण केली. खंडेनवमीला, घरात लहान मुलं म्हणून, आम्ही ती म्यानासकटच पुजली. म्हणजे लिंबाचा रस सात महिने आत बसून होता. हे मी कुणालाही सांगितलं नाही.

बँजोवाल्याच्या हातून तलवार घेऊन मी स्वयंपाकघरात गेले आणि कडी लावली. करवलींचे केस वाळवायचं मशीन तिथेच होतं. त्याने म्यानाचं पितळी तोंड तापवलं, चमच्याने थेंब थेंब तेल सोडलं, लाटण्याने चहूबाजूंनी ठोकलं. तिसऱ्या खेपेला आत कट्‌ असं वाजलं आणि बोटभर पातं बाहेर आलं, गंजून काथाच्या रंगाचं झालेलं. एक हिसका पुरला असता. मी ते परत आत ढकललं, नॅपकिनने तेल पुसलं आणि बाहेर आले.

भावजींनी हात पुढे केला. “आणा वैनी.”

मी त्यांना ओलांडून पुढे गेले. “आबा, कुणाच्यानंच हुईना. तुमीच बघा आता.”

आबा उठले. मूठ धरली आणि सगळा जोर लावून ओढली. तलवार इतकी सहज सुटली की ते दोन पावलं मागे गेले. माझ्या नवऱ्याने पाठीमागून धरलं म्हणून बरं. मुलाच्या शेरवानीवर तेलाचे चार ठिपके उडाले. बँजो दणक्यात सुरू झाला. भावजी एकदा पात्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. मी घड्याळ बघितलं. नऊला दहा कमी.

मुलाच्या हाती तलवार देऊन आबांनी आपली बोटं नाकाशी नेली आणि माझ्याकडे वाकले.

“शेंगतेल व्हय?”

“व्हय, आबा.”

“बोलू नगंस कुठं.”

मग ते ताठ झाले, वळले आणि अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाले, “सुभेदार, पेन्शन परत कर गड्या.”