ओटी न भरलेलं तळं

पंचायतीच्या माणसानं आव्वाच्या बुट्टीत फिनेल ओतलं.

भर बाजारात ओतलं. आमच्या गावचा मंगळवारचा बाजार, सदलग्याकडची गिऱ्हाइकं नुकती कुठं यायला लागलेली. तो आला, वाकला आणि बाटली पालथी केली. बुट्टीत राहू होते, चिलापी होती, आणि सगळ्यांत वर पहाटे दूधगंगेत धरलेली एक मरळ होती. ती जिवंत होती. पांढरं पाणी तिच्या डोळ्यांवरनं ओघळलं, कल्ल्यात गेलं. ती एकदा उसळली आणि पडून राहिली.

आव्वा म्हणजे माझी आई. तिनं शिवी दिली नाही. रडली नाही. डोक्यावरचा पदर ओढला आणि बुट्टीवर पसरला. फिनेल तर आत गेलेलंच होतं. आता काय झाकत होती कुणास ठाऊक. चारचौघांत पदर खाली पडू न देणारी ही बाई, पांढऱ्या केसांनी उघडी बसली होती आणि लोक बघत होते.

"उघड्यावर इकायचं न्हाय म्हणून दवंडी दिलती का न्हाय? नव्या मार्केटात जावा," तो माणूस म्हणाला.

"नव्या मार्केटात आमास्नी गाळा दिलायसा व्हय?" मी विचारलं.

"ते मला नगं इचारू. कायदा हाय."

तेवढ्यात अण्णा आला. बुलेटवरनं. आव्वाचा जीव भांड्यात पडला. तिनं हात वर केला, "अण्णा, बघा की ओ ह्ये! तुमच्या भैणीची दशा बघा!"

अण्णानं गाडी थांबवली. खिशातला रुमाल काढून नाकाला लावला. "आक्का, नियम म्हंजे नियम. मी तरी काय करणार?" आणि त्या माणसाकडं वळून, "हितलं जरा धुऊन घे रं. लई वास मारतोय."

गेला.

हा अण्णा कोण ते सांगते. सख्खा नव्हे. आम्ही भोई, त्याच्या घरचा ऊस नदीकाठापासून रस्त्यापर्यंत. पंचायतीचा मेंबर. माझा बाप नदीत बुडून गेला त्या वर्षी अण्णानं आव्वाला "आजपास्नं तू माझी भैण" म्हटलं. तेव्हापासून दर भाऊबीजेला आव्वा त्याला ओवाळायची. मागच्या दारानं जायची, मागच्या पडवीत ओवाळायची, मागच्याच दारानं लुगडं घेऊन यायची. पुढच्या सोप्यात कधी पाट मांडला नाही तिच्यासाठी. मी एकदा तसं म्हटलं तर मला म्हणाली, "माणूस दार बगत न्हाय, मन बगतंय." नदीला नवं पाणी आलं की पहिली मरळ त्याच मागच्या दारी जायची. तिचा भाव आव्वानं कधी सांगितला नाही आणि त्यानं कधी विचारला नाही. तिथं वेगळी चूल होती, वेगळं पातेलं होतं. त्या पातेल्याला कधी वास आला नाही.

कायद्यावर माझा राग नाही. खरं सांगायचं तर कायदा चांगला होता. धुळीत, गटारीच्या काठावर कुणाला हौस आहे बसायची? डोक्यावर पत्रा, नळाचं पाणी, बर्फाला जागा, हे आव्वासारख्या बायका कधीपासून मागत होत्या. सरकारनं दिलं. बायपासजवळ मार्केट बांधलं, पांढऱ्या फरश्या बसवल्या. आव्वा ते बघून आली तेव्हा फरशीवर हात फिरवून आली. तिचे गुडघे गेलेत, खाली बसलं की उठवत नाही. तिथं कट्टा उंच आहे. उभं राहून विकता येतं. तिला एवढंच पाहिजे होतं, मरेपर्यंत उभं राहून मासळी विकायची.

गाळे द्यायचे पंचायतीनं. म्हणजे अण्णानं. आणि अण्णा म्हणत होता, "आक्काचा गाळा पक्का हाय. अंगठा घेतलाय न्हवं तिचा?"

अंगठा घेतला होता. मी तेव्हा सासरी होते. मी एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, कन्नड शाळेत शिकले, मला वाचता येतं, पण मी तिथं नव्हते. भाऊबीजेच्याच दिवशी, ओवाळून झाल्यावर अण्णा म्हणाला होता, "आक्का, सरकार भोयांस्नी काय तर देतंय. दे अंगठा." आव्वानं दिला. भावाला कोण विचारतं कशाला म्हणून? तिनं ताट बाजूला ठेवलं, कुंकवाचं बोट पुसलं आणि अंगठा दिला. मग मी नवऱ्याचं घर सोडून परत आले, गाडीवर बर्फाची पेटी बांधून आव्वाबरोबर धंद्याला लागले, तेव्हा ती सगळ्या आळीला सांगत होती की भावानं गाळा दिला.

फिनेलच्या दुसऱ्या दिवशी अण्णाचा गडी निरोप घेऊन आला. मळ्यात या, येताना जाळं आणा, बेळगावहून फिशरीजची मॅडम येणार आहे. फोटो झाला की गाळ्याचा नंबर हातात.

आव्वाचा सगळा राग उतरला. "बगितलंस? बाजारात लोकांफुडं त्येला बोलता येत न्हाय. पण भैणीला इसरला न्हाय." तिनं ट्रंकेतनं त्यानंच दिलेलं हिरवं लुगडं काढलं. तिच्या तोंडावरचं हसू बघून मी जाळं आवरायला घेतलं.

मळ्यात गेलो तर उसाच्या मधोमध तळं. मोठं, प्लास्टिक अंथरलेलं. कडेला मोटार, तिचा पाइप सरळ उसात गेलेला. आणि काठावर सिमेंटचा फलक. फलकावर कन्नडमध्ये योजनेचं नाव, खाली 'फलानुभवी', म्हणजे लाभार्थी, आणि त्याच्या खाली माझ्या आईचं नाव. बापाच्या नावासकट.

"काय लिवलंय गं?" आव्वानं विचारलं.

"तुझं नाव."

"माझं? सिमिटात?" ती जवळ गेली. तिला अक्षर येत नाही. कुठलं अक्षर तिचं ते मी दाखवलं, तिनं त्याच्यावर बोट ठेवलं. खूश झाली ती. हे मला अजून सहन होत नाही. आधी ती खूश झाली.

अण्णानं मग समजावलं. लाजला नाही, चाचरला नाही. "आक्का, बायकांच्या नावावर, त्यात भोयाच्या, अनुदान जादा मिळतंय. माझी जमीन तुला खंडानं दिल्याली दावलीया. कागदावरच गं. तुझं काय गेलं त्यात? आज फकस्त म्हणायचं, तळं माझं, मासं मी पाळतो. झालं."

तळ्यात मासे होते. गड्यानं मला हळूच सांगितलं, काल टेंपोतून आणून सोडलेत. बरेच उलटे तरंगत होते.

मग अण्णानं आव्वाकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "ह्ये लुगडं नगं. मासंवाली दिसाय पायजेस. त्या खोपटात गड्याच्या बायकोचं फाटकं असंल, ते नेस जा."

त्यानंच दिलेलं लुगडं. भाऊबीजेचं. आव्वा त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तो फोनवर बोलायला लागला होता. ती खोपटात गेली आणि दुसऱ्या बाईचं विटकं लुगडं नेसून बाहेर आली. हिरव्याची घडी काखेत. मी तेव्हाच ओरडायला पाहिजे होतं. फिनेल बुट्टीत पडलं तेव्हा आमची मासळी मेली. ह्या वेळी माझी आई माझ्यासमोर लहान लहान होत गेली.

मॅडम आली. धारवाडकडची, माझ्याच वयाची, चांगली वाटली. फोटोवाला बरोबर. "बले हाकम्मा," ती म्हणाली. जाळं टाका, आई.

आव्वानं जाळं उचललं. दातात दोरी धरली, जाळं कोपरावर घेतलं. आयुष्यभर केलेलं काम. फोटोवाल्यानं कॅमेरा धरला.

आणि तिनं जाळं टाकलं नाही.

"काय झालं? टाक की," अण्णा.

"वटी भरली न्हाय," आव्वा म्हणाली.

आमच्यात तसंच आहे. कुठलंही पाणी असो, नदी, ओढा, विहीर, पहिल्यांदा जाळं टाकायच्या आधी भोयाच्या बाईनं त्या पाण्याची ओटी भरायची. खण, नारळ, मूठभर तांदूळ. पाण्यातल्या साती आसरांना सांगायचं, आम्ही आलोय, आमची लेकरं सांभाळा. त्याशिवाय जाळं पाण्याला लागू द्यायचं नाही. ज्या वर्षी माझ्या बापानं घाईत पलीकडच्या डोहात तसंच टाकलं, त्या वर्षी तो परत आला नाही. तुम्ही माना, मानू नका. आव्वा तोंडानं हवं ते खोटं बोलली असती त्या दिवशी, गाळ्यासाठी. पण हात उठेना.

मॅडमला कळलं नाही. तिनं मला विचारलं, मी कन्नडमध्ये सांगितलं. तिनं हातातला कागद बघितला. मग सावकाश म्हणाली, "ओटी पहिल्यांदा जाळं टाकायच्या आधी भरतात ना? मग कागदावर तर ह्या इथं आधीपासून मासे पाळतात म्हणून लिहिलंय."

मोटार तेवढी चालू होती.

अण्णा हसला. "अडाणी बाई हाय मॅडम. ह्यांची खुळं अशीच." त्यानं आव्वाच्या हातातलं जाळं हिसकलं. दोरी तिच्या दातात होती, तिची मान ओढली गेली. गड्याकडं जाळं फेकून म्हणाला, "तू टाक रं. फोटोत हिला म्होरं उभी करा, भागतंय."

त्या क्षणी मला सगळं उमगलं. फोटोत आई पाहिजे. फलकावर आई पाहिजे. अंगठा आईचा, जात आईची, वैधव्य आईचं, सगळं पाहिजे. फक्त आई नको.

मी गड्याच्या हातातलं जाळं काढून घेतलं. तोही बिचारा सोडतच होता. मॅडमकडं वळून म्हणाले, "ई होंडा नम्मदल्ल." हे तळं आमचं नाही. आम्ही हे पाणी आज पहिल्यांदा बघतोय. मोटार बघा कुणाची, ऊस बघा कुणाचा.

"गप गं!" आव्वा म्हणाली. दोरीनं तिचा ओठ फुटला होता.

अण्णा माझ्याकडं बघतसुद्धा नव्हता. तो तिलाच म्हणाला, "आक्का, मी तुला भैण मानली. ह्ये पांग फेडतीस व्हय?"

आव्वानं तोंड पुसलं. "भैण मानली म्हणून तर अंगठा दिला," ती म्हणाली. आणि मग तिला रडू फुटलं. बाजारात आलं नव्हतं ते इथं आलं.

एवढं झाल्यावर न्याय झाला असेल असं तुम्हाला वाटेल. गाळे वाटले गेले. आमच्या वाट्याला नाही. एक अण्णाच्या मेव्हण्याला मिळाला, तो आंध्राची मासळी बर्फात आणून विकतो. भोई नाही, नदी त्यानं बांधावरनं बघितलेली. कायदा त्याच्या गाळ्यावर पाटी लावून बसलाय. आणि आमच्या आळीनं काय केलं? ज्यांच्या अडीनडीला आव्वानं रात्री-अपरात्री नदीकाठ तुडवला, ती माणसं म्हणाली, "खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत." मी विचारलं, कुणी कुणाच्या घरचं खाल्लं? पहिली मरळ कुणाच्या दारी जात होती? तर म्हणाले, हिला नवऱ्यानं उगाच सोडली नाही.

अण्णाचा वार मी सोसला. आळीचा अजून सोसवत नाही.

आता चौकशी लागली आहे. गुरुवारी चिकोडीला बोलावलंय, आव्वाला. अण्णाला नाही. अंगठा तिचा आहे ना. सरकारला फसवलं ते कागदावर तिनं. अण्णाचा माणूस परवा येऊन गेला. म्हणाला, पोरगी रागात बोलली, तळं आमचंच आहे, एवढं म्हणा, प्रकरण मिटेल. एक गाळा अजून रिकामा आहे. कट्ट्याला सावली आहे.

तो गेल्यावर आव्वा बराच वेळ गुडघे चोळत बसली. मग म्हणाली, "सावली हाय म्हणं."

मी म्हटलं, "व्हय. हाय."

"तू काय सांगणार हाईस?"

मी तिला सांगितलं ते इथं लिहिते. अंगठा माझ्या आईचा आहे, हे मीच आधी सांगणार. लपवणार नाही. मग तो कोणत्या दिवशी, कोणत्या नात्यानं घेतला ते सांगणार. मोटार, पाइप, ऊस, आणलेले मासे, विटकं लुगडं, सगळं सांगणार, कन्नडमध्ये, म्हणजे कुणाला समजलं नाही असं व्हायला नको. दंड होईल, तर होऊ दे. तिला कोठडीत घातलं तर मी दारात बसेन. पण तळ्यावरचं तिचं नाव मी पुसून घेणार आहे, छिन्नीनं फोडावं लागलं तरी.

आव्वा म्हणाली, "आन गाळा?"

गाळा सोडला असं मी कुठं म्हटलं? मासळी आम्ही विकतो. कायदा मासळी विकणाऱ्यांसाठी केलाय. गुरुवारी त्याच टेबलासमोर, अण्णाचं नाव घेऊन झालं की त्याच दमात मी आईचा गाळा मागणार आहे. कुणाची बहीण म्हणून नाही.