सोयॉनच्या डब्यांचं पुस्तक

बाबा, नागपूरच्या विमानतळावर तुम्ही माझ्या ट्रॉलीची चाकं पुन्हा पुन्हा तपासलीत आणि म्हणालात, "तिकडे कोणाच्या अध्यातमध्यात पडू नकोस." मला ते सांगायची गरज नव्हती. शाळेत हजेरीच्या वेळी ‘प्रेझेंट मिस’सुद्धा माझ्या घशात अडकायचं.

इथे आयर्लंडमध्ये, ॲथलोनला मास्टर्स झालं, तिथेच नोकरी लागली. शेजारच्या बाईंनी काहीही विचारलं तरी मी ‘ग्रँड’, म्हणजे ‘छान चाललंय’, म्हणायचे. इथे ग्रँड म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही. माझी फार सोय झाली.

मग मी राहते त्या घरात सोयॉन दुसरी भाडेकरू म्हणून आली. माझ्याच वयाची, सेऊलमधली बँकेतली नोकरी सोडून प्रवासवर्णनं लिहायला निघालेली. तिकडच्या एका प्रकाशकाने तिला आयर्लंडवरचं पुस्तक लिहायला सांगितलं होतं. तिचं ते पहिलंच. ते निघालं नाही तर बँकेत परतायचं, असा शब्द तिने वडिलांना दिला होता.

तिची कामाची तऱ्हा वेगळी. मुळ्याची किमची, म्हणजे त्यांचं आंबवलेलं तिखट लोणचं, डब्यात भरायची, बसने एखाद्या गावी जायचं आणि ओळख होईल त्याला तो डबा द्यायचा. नंतर डबा आणायला पुन्हा जायचं. बहुतेक डबे लख्ख धुऊन परत मिळायचे. ती हसून म्हणायची, "आमच्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत." मी सोबत असले तर लाजेने अर्धमेली व्हायचे. आई, तूही शेजारच्यांच्या वाटीत काहीतरी घालूनच ती परत करतेस. पण समोरच्याला असं सांगशील का?

लोक मात्र हसायचे आणि तिला आत बोलवायचे. एनिस गावातल्या एका आजोबांनी तिच्या डब्यात सोडा ब्रेड घातला. बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच भाजलाय म्हणाले, आणि मग कितीतरी वेळ बोलत राहिले.

प्रकाशकाला समुद्रकाठचे कडे आणि किल्ले हवे होते. डबे कोण वाचणार, असा मेल आला. मी म्हटलं, घाल ना दोन किल्ले, काय बिघडतं. ती म्हणाली, "किल्ल्याने मला काही परत दिलं नाही." तिने पुस्तक मागे घेतलं. बँकेची नोकरी समोर दिसत असूनही. तेवढी हिंमत मी जवळून कोणात पाहिली नव्हती.

पुढे एका छोट्या प्रकाशनाने होकार दिला, पण एका अटीवर. त्यांना ती राहते त्या घरावरही एक प्रकरण हवं होतं. म्हणजे माझ्यावर. तिने आजवर मला काही विचारलं नव्हतं, आताही विचारेना. प्रकाशनाचा मेल उघडून समोर ठेवला आणि भात लावायला उठली.

मी तिच्या डब्यात आपल्या कोथिंबिरीच्या पुडाच्या वड्या भरल्या आणि बोलायला बसले. पुस्तक कोरियनमध्ये निघणार आणि तुम्हाला कोरियन येत नाही, या भरवशावर सगळं सांगितलं.

पुस्तक निघालं. सोयॉन आता पोर्तुगालमध्ये डबे वाटत फिरते आहे. त्या पुस्तकात अनोळखी माणसांनी जे केव्हाच वाचलं, ते तुम्हाला मराठीत सांगायला मला इतका वेळ लागला: आई, बाबा, मी परत यायचं ठरवलेलं नाही. ॲथलोनला आता मी घर म्हणते. तुम्ही फोनवर "घरी कधी येतेस?" विचारता तेव्हा मी "बघू" म्हणते, ते यासाठी.