जिनोआतलं दही

बोटीत चढायचं की नाही हे मी दह्यावर सोडलं होतं. दही मिळालं तर हॉटेलातून बॅग उचलून बंदरावर जायचं, नाही मिळालं तर टॅक्सीने विमानतळ गाठायचा आणि मुकाट्याने सिडनीला, केलीव्हिलच्या घरी परतायचं. तीनपर्यंत चढायचं होतं. घड्याळात दहा वाजले होते.

ही क्रूझ यांनी ठरवली होती. पॅरामॅटाच्या ऑफिसातून रिटायर झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर दोघांचं बुकिंग. हे गेले त्याला आता सात महिने झाले, पण बुकिंगमधलं त्यांचं नाव मी मुलीला काढू दिलं नाही.

"आई, यू शुड गो. बाबांना आवडलं असतं," ती म्हणाली. बाबांना काय आवडलं असतं, हे हल्ली सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आमच्या घरी निघणाऱ्याच्या हातावर दही-साखर घालतात. घालणारी नेहमी मीच. मुलीची युनिव्हर्सिटीची परीक्षा असो नाहीतर यांचा दौरा, वाटी घेऊन दारात मी उभी. माझ्या हातावर दही घालायची वेळ कधी आलीच नाही, कारण मी एकटी कुठे गेलेच नाही. सिडनी विमानतळावर मुलीने घाईघाईत बॅग उतरवली आणि मिठी मारून गाडी काढली. दह्याचं तिच्या लक्षात नव्हतं. मीही आठवण केली नाही. मागून घेतलेलं दही ते कसलं, म्हणून फुगून बसले ती थेट इटलीपर्यंत.

खरं कारण वेगळंच आहे. यांचं ऑपरेशन होतं त्या सकाळी सवयीने मी वाटी आणली आणि यांनी सवयीने हात पुढे केला. उपाशीपोटी यायला सांगितलंय हे मला तेव्हा आठवलं. "अहो, नको, काही खायचं नाहीये," म्हणून मी वाटी मागे घेतली. हे हसले आणि रिकामा हात पँटला पुसून गाडीत बसले. परत आले नाहीत. दह्याने काही होत नसतं हे मला कळतं. तरी तो पुढे केलेला हात डोळ्यांपुढून जात नाही.

जुनं जिनोआ बंदरापासून वर चढत जातं. गल्ल्या अशा अरुंद की समोरून कोणी आलं तर भिंतीला चिकटावं लागतं. वर सहा मजल्यांच्या फटीत आभाळाची पट्टी आणि तिथे कुणाचे तरी पायजमे वाळत घातलेले. यांनी दारादारावरची पाटी मोठ्याने वाचली असती आणि मी "चला हो" म्हणत पुढे सटकले असते. आता मागे कोणी रेंगाळत नव्हतं, तर माझाच पाय उचलेना. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कॅथेड्रलमध्ये युद्धात पडलेला, न फुटलेला तोफगोळा ठेवलाय. त्याची पाटी मी दोनदा वाचली. सांगायला कोणी नव्हतं.

पहिल्या दुकानातला डबा बाहेर पायरीवर बसून उघडला, तर आत लिंबाचा वास मारणारं गोड काहीतरी. चिडून कचऱ्यात टाकलं. पुढच्या दोन दुकानांत सगळी फळंच फळं. एक वाजून गेला तेव्हा एका उतारावर, जिथून खाली बोटीचा पांढरा पत्रा दिसत होता, तिथल्या दुकानातल्या म्हाताऱ्या बाईला मी खुणा करकरून सांगितलं: फळ नको, साखर नको, पांढरं. "बियांको!" म्हणत तिने फ्रीजच्या तळातून डबा काढला. चाखून पाहिलं. आंबट. दहीच होतं.

बंदराजवळच्या बाकावर बसून, पर्समधली कॉफीच्या साखरेची पुडी त्यात ओतली. चमचा भरला आणि सवयीने समोर धरला. समोर कोणी नव्हतं. जराशाने तोच चमचा डाव्या हातात घेऊन उजव्या तळव्यावर उलटा केला. लोकांसमोर तळवा चाटला आणि रडले.

बॅग घेऊन गेटवर पोचले तेव्हा तीनला दहा मिनिटं होती. तिथल्या मुलीने स्क्रीन पाहून विचारलं, "टू गेस्ट्स, मॅडम? युअर हजबंड?"

इतकी वर्षं सिडनीत काढली, पण ऐनवेळी तोंडातून मराठीच इंग्रजी होऊन बाहेर पडलं. "ही हॅज गॉन."

तिने पुन्हा स्क्रीन पाहिला. "नो मॅडम, ही इज नॉट ऑन बोर्ड येट." मग माझा चेहरा बघून, धीर देत म्हणाली, "डोन्ट वरी. वी विल वेट फॉर हिम."

"नका थांबू," मी तिला मराठीतच म्हणाले, आणि चिकट हाताने पासपोर्ट पुढे केला.