तिथं किती पोचणार?

"तुमचा चार्ज ऱ्हाऊ द्या. तिथं किती पोचणार ते सांगा."

काउंटरच्या काचेवर अंगठीने टकटक करायची आणि नमस्काराच्या जागी हे वाक्य टाकायचं, ही सिस्टरची रीत. त्या नांदेडच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. मी नांदेडच्याच एका बँकेत परदेशी व्यवहाराच्या टेबलावर बसायचो. त्यांच्या एकुलत्या मुलीची इथली मेडिकलची सीट थोडक्यात हुकली, म्हणून ती परदेशात शिकत होती आणि तिची फी दर सहा महिन्यांनी पाठवावी लागायची.

तुम्ही आमच्या भागातले असाल, तर तुमच्या गल्लीतही अशी एक तरी आई असेल. पण ती बहुधा एजंट बोट ठेवील तिथे सही करत असेल. सिस्टर करत नसत.

फीची तारीख जवळ आली की ड्युटी संपवून त्या गणवेशातच निघायच्या. आधी शेजारची बँक, मग चलन बदलून देणारं दुकान, मग मुलांना परदेशी पाठवणाऱ्या एजंटचं ऑफिस आणि शेवटी आम्ही.

"ताई, आमच्याकडं चार्ज शून्य," एजंट म्हणायचा.

"आन डॉलर कितीला लावला?"

त्याने भाव सांगितला की मोबाईलवरचा भाव त्याच्या नाकासमोर धरायच्या. "शून्य म्हणं! भावात मुरवून ठेवलाय की चार्ज, लोणच्यात मीठ मुरवल्यावानी."

आमचे मॅनेजर एकदा वैतागले. "सिस्टर, ही बँक आहे, बाजार नाही."

"बाजारात तरी आधी भाव सांगतेत, साहेब."

ही खोड जुनी होती. मुलगी लातूरला शिकवणीला असताना सिस्टर उदगीरला नोकरीला होत्या. रोज सकाळच्या एसटीने डबा पाठवायच्या. इतर आया फोन करून विचारायच्या, डबा मिळाला का. या विचारायच्या, "उघडून बघ. भाकरी किती हाईत? भाजी सांडली का?" पैशाचंही तसंच. इथून किती निघाले याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. मधली कुठली तरी बँक आपला वाटा कापून घेते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "वाटेत कोण खाऊन राहिलंय त्याचं नाव सांगा," म्हणायच्या.

त्या नेहमी बरोबरच असायच्या असं नाही. एकदा रुपया सुधारेल म्हणून थांबल्या आणि तो आणखी घसरला. काउंटरवर येऊन डॉलरलाच शिव्या दिल्या. "लाज न्हाई मेल्याला." रांगेतले सगळे हसले, त्याही हसल्या. त्या दिवशी मी त्यांचं नाव 'भावताव सिस्टर' ठेवलं. शिपायापासून एजंटपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ते बसलं.

आता मुद्द्याचं. ज्यांना ऐकायचं नसेल त्यांनीही ऐकावं.

तिसऱ्या वर्षाची फी होती. रक्कम ठरल्या तारखेला पूर्ण जमा झाली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत, असं कॉलेजने कळवलं होतं. सिस्टरनी मला चारचौघांत सांगितलं, "सगळा खर्च माझ्याकडून कापा. मधल्या बँकेचाबी. तिथं अख्खी रक्कम पडली पाहिजे."

मी "हो" म्हणालो. पण आमच्या शाखेत परदेशातले पैसे यायचे, जायचे फार कमी. आखातात कामाला गेलेली माणसं घरी पाठवायची, ते आम्ही जमा करायचो. बाहेर पाठवताना मधला खर्च कोणाच्या माथी, हे संगणकावर निवडावं लागतं. तिथे आधीच 'दोघांत विभागून' असं निवडलेलं असायचं. ते बदलायची सवयच आमच्या हातांना नव्हती. मी बदललं नाही. मधल्या बँकेने आपला वाटा कापला आणि कॉलेजच्या खात्यावर थोडे पैसे कमी पडले. उरलेले पोचेपर्यंत तारीख गेली. मुलीचे सहा महिने गेले.

मॅनेजरने विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "बाईंनीच स्वस्तातलं मागितलं होतं."

एवढंच बोललो. पुढचं काम त्या नावाने केलं. भावताव सिस्टर, दुसरं काय करणार? एजंटला तर आयतंच सापडलं. दारात आलेल्या प्रत्येक बापाला तो सांगायचा, "त्या सिस्टरवानी चिल्लर वाचवू नका, पोरीचं वर्ष जातंय." आणि त्याच्या महाग भावाने लोक मुकाट पैसे भरायचे. माझं एक वाक्य कितीजणांना लुबाडत होतं, ते मी काचेआडून पाहत होतो.

सिस्टर आल्या. टकटक केली नाही.

"माझ्या तोंडाकडं बघून सांगा. मी काय म्हणाले होते?"

"मॅडम, मागे गर्दी आहे," मी म्हणालो.

त्या बाजूला झाल्या आणि समोरच्या बाकावर बसल्या. त्यानंतर फीच्या दिवसांत सुट्टी काढून येऊन बसायच्या. परदेशी पैसे पाठवायला कोणी आलं की गाठायच्या. "भाऊ, आधी इचारा, तिथं अख्खे पोचणार का? भाव काय लावला? मधला खर्च कोणाचा?" मॅनेजरने वॉचमनला पाठवलं.

"सिस्टर, माझी नोकरी जाईल हो."

"तू तुझी नोकरी कर बाबा. मी माझं बसते."

उठल्या नाहीत. हळूहळू लोकच एजंटकडून उठून इकडे यायला लागले, सिस्टरनी सांगितलेलं विचारायला लागले. मी प्रत्येकाला तिन्ही उत्तरं द्यायचो. एका व्यवहारातही मधला खर्च कोणाचा, ते विचारून संगणकावर निवडायचं मी पुन्हा विसरलो नाही.

मुलगी डॉक्टर होऊन परत आली. आता उदगीरला असते. सिस्टर गेल्या महिन्यात वारल्या. विष्णुपुरीला त्यांच्या घराजवळच्या विहारात आदरांजलीची सभा होती. त्यांच्याच दवाखान्यातले एक गृहस्थ प्रेमाने बोलत होते. "सिस्टर हाताला जरा चिकट. चार पैसे वाचवायला गेल्या, पोरीचे सहा महिने घालवले. पण मनानं लई मोठ्या!" माणसं मायेने हसली.

मी उठलो. वर लिहिलं ते सगळं उभ्याने बोललो. कोणी हसलं नाही. दोघं-तिघं माझ्याकडे पाठ करून बसले, ते त्यांनी योग्यच केलं.

मुलगी दारापाशी भेटली. "काका, मला तेव्हाच ठाऊक होतं. आईनं सांगितलं होतं."

"मग त्यांनी तक्रार का नाही केली? माझी बदली झाली असती."

"म्हणूनच नाही केली. म्हणायची, ह्याला हलवलं तर नवा माणूस येईल आणि पुन्हा तेच करील. ह्याला आता चांगलं भ्याव बसलंय. ह्यालाच बसू दे तिथं, बाकीच्या पोरांचे पैसे तरी नीट जातील."

इतकी वर्षं मी समजत होतो, त्यांनी मला माफ केलं. त्यांनी मला कामाला लावलं होतं.

सभेतलं बोलणं सभेत विरतं, म्हणून हे लिहून ठेवतो. ती बाई चिक्कू होती असं अजूनही ज्याला म्हणायचं असेल, त्याने माझ्या दारात येऊन म्हणावं. मी घरीच असतो.